बालकाची अंगठा चोखण्याची सवय

चार-साडेचार वर्षांचे मूल पाहुण्यांसमोर तोंडात अंगठा घालून बसले की घरातील वडीलधाऱ्यांना ओशाळल्यासारखे होते. कोणी त्याचा हात ओढून काढतो, कोणी ‘अंगठा कापून टाकीन’ असा धाक घालतो, तर कोणी कडुनिंबाचा रस लावण्याचा सल्ला देतो. असा धाक केवळ आपल्याकडेच घातला जातो असे नाही. हाइनरिख हॉफमन या जर्मन डॉक्टरांनी १८४५ साली प्रसिद्ध केलेल्या मुलांच्या सचित्र पुस्तकात एक शिंपी भल्यामोठ्या कात्रीने अशा मुलाचे दोन्ही अंगठे कापून टाकतो, अशी कथा आहे. धाकाने ही सवय सुटत असती, तर एव्हाना ती नाहीशी व्हावयास हवी होती.

वस्तुतः चोखणे ही बालकाची उपजत प्रेरणा होय. सोनोग्राफीच्या तपासणीत गर्भाशयातील अर्भकही अंगठा चोखताना दिसते. जन्मानंतर स्तनपानासाठी हीच प्रेरणा उपयोगी पडते आणि पोट भरलेले असतानाही चोखण्याने बालकास स्वस्थता लाभते. झोप येत असता, भीती वाटली असता किंवा नुसता कंटाळा आला असता ते अंगठ्याचा आधार घेते. हा त्याचा हट्ट नव्हे, की आईच्या संगोपनातील उणीव नव्हे. बहुतेक मुले दोन ते चार वर्षांच्या दरम्यान ही सवय आपण होऊन सोडतात. तोपर्यंत तिकडे काणाडोळा करणे हेच श्रेयस्कर.

त्यानंतर मात्र दातांचा विचार करावा लागतो. वाढत्या वयात जबड्याचे हाड सतत पडणाऱ्या दाबानुसार आकार घेते. अंगठ्याच्या रेट्याने वरचे पुढील दात बाहेर येतात, खालचे आत कलतात, दाढा मिटल्या तरी पुढे फट राहते आणि गालांच्या दाबामुळे वरचा जबडा अरुंद होऊ शकतो. अशा मुलास पुढच्या दातांनी घास तोडणे जड जाते. कधी ‘स’चा उच्चारही बोबडा होतो. अर्थात, झोपेपूर्वी घटकाभर अंगठा नुसता तोंडात धरणारे मूल आणि दिवसरात्र जोराने चोखणारे मूल यांत मोठा फरक आहे. समोरचे कायमचे दात सहाव्या-सातव्या वर्षाच्या सुमारास येऊ लागतात. तत्पूर्वी सवय सुटल्यास पुष्कळदा दात आपोआप सुधारतात. म्हणजे चौथ्या ते सहाव्या वर्षापर्यंतचा अवधी पालकांच्या हाती असतो, आणि तो घाईगर्दी न करता वापरण्याजोगा आहे.

प्रथम आठवडाभर काही न बोलता निरीक्षण करावे. मूल नेमके केव्हा अंगठा चोखते? दूरदर्शन संचासमोर चोखत असेल, तर त्याच्या हाती कणकेचा गोळा, मणी किंवा एखादे खेळणे द्यावे. भूक किंवा झोप हे कारण असेल, तर जेवणाची अथवा निजण्याची वेळ थोडी अलीकडे आणावी. मग ते प्रसन्न असताना त्यास आरशात त्याचे दात दाखवून साध्या शब्दांत कारण सांगावे आणि ‘आपण दोघे मिळून प्रयत्न करू या का?’ असे विचारावे. या प्रश्नास फार महत्त्व आहे. मुलाची स्वतःची इच्छा नसेल, तर उपाय करणारा आणि चुकविणारा असा खेळ सुरू होतो व त्यात बहुधा मूलच जिंकते.

मूल राजी झाल्यास भिंतीवरील दिनदर्शिकेत यशस्वी दिवशी त्याच्याच हाताने खूण करवावी. चुकलेल्या दिवसाबद्दल अवाक्षर काढू नये. रात्री नकळत अंगठा तोंडात जातो; त्यासाठी हातात सुती मोजा घालावा, मात्र ती शिक्षा नसून आठवण आहे हे त्यास समजलेले असावे. अंगठ्यास मिरची कदापि लावू नये. तोच हात डोळ्यांस लागतो. अंगणवाडीत किंवा शाळेत चारचौघांत हिणवले जाणार नाही, याविषयी सेविकेशी अथवा शिक्षिकेशी आधीच बोलून ठेवावे.

घरात नवे भावंड आले असेल, शाळेचे पहिलेच दिवस असतील किंवा आई परगावी गेली असेल, तर हा प्रयत्न महिना-दोन महिने पुढे ढकलावा. सुटलेली सवय तापात अथवा आजारपणात काही दिवस परत येते. त्याने घाबरून जाऊ नये.

अंगठ्यास घट्टा पडला असेल, नखाभोवती नखुरडे होत असेल, अथवा पाच वर्षांनंतरही सवय कायम राहून दात पुढे येऊ लागले असतील, तर दंतवैद्यास दाखवावे. टाळूलगत बसविण्याचे तारेचे उपकरण मिळते. परंतु इतर उपाय थकल्यावर आणि मूल तयार असेल तरच ते बसवितात.