मराठवाड्याएवढे बेट, साडेपाच हजार पायऱ्या

आमच्या ताडकळसचा मुलूख सपाट. काळी माती, कापूस, ज्वारी आणि उसाचे फड. डोंगर आमच्या पोरांना पुस्तकातच भेटतो. अशा गावातून आम्ही अकरा जण २०२४ च्या फेब्रुवारीत श्रीलंकेला जाऊन आलो. धम्मस्थळे पाहिलीच, पण या वेळी ठरवून जंगल आणि डोंगरही पाहिले. त्याचाच हा वृत्तांत.

श्रीलंकेचे क्षेत्रफळ ६५,६१० चौरस किलोमीटर, म्हणजे जवळपास आपल्या मराठवाड्याएवढे. पण एवढ्या जागेत काठाला समुद्र आणि नारळ, उत्तरेला कोरडे रान आणि प्राचीन तलाव, नैऋत्येला घनदाट पावसाचे अरण्य, तर मध्यभागी अडीच हजार मीटरपर्यंत चढत गेलेले डोंगर.

पैशाचे म्हणाल, तर आम्ही तीन वर्षे भिशी लावली. दरमहा प्रत्येकी दीड हजार. हिशेबाची वही आमच्याकडेच होती. अडचण वेगळीच निघाली. यात्रा कंपनीच्या पत्रकात डोंगर नव्हता. "तुमच्यात वयस्कर माणसे आहेत, त्यांना झेपणार नाही. विहारे दाखवतो, बाजार दाखवतो," असे सांगण्यात आले. आमच्यात सत्तरीला टेकलेल्या एक आजी होत्या. १९७२ च्या दुष्काळात त्यांनी खडी फोडली, पुढे तीस हंगाम ऊस तोडला. त्या म्हणाल्या, "भाऊ, पोटासाठी लई रानं तुडवली. नुसतं बघायला म्हणून रान कव्हा पाह्यलंच नाई. मी चढते." मग आम्हीही हट्ट सोडला नाही.

मळ्यातल्या बाया

कँडीहून हॅटनची रेल्वे धरली. याच कँडीला १९५० साली प. पू. बाबासाहेब जागतिक बौद्ध परिषदेसाठी आले होते. गाडी वळणे घेत चढू लागली तसे दोन्ही बाजूंना चहाचे मळे लागले. पाने खुडणाऱ्या बहुतेक बाया तामिळ. इंग्रजांनी डोंगरावरचे रान तोडून आधी कॉफी आणि मग चहा लावला. त्यासाठी या बायांच्या पूर्वजांना दक्षिण भारतातून आणले. १९४८ च्या नागरिकत्व कायद्याने यांतले लाखो लोक कोणत्याच देशाचे राहिले नाहीत. हा प्रश्न कायद्याने मिटायला २००३ साल उजाडले. आजी खिडकीतून बघत म्हणाल्या, "यांनी बी मुकादमाची उचल घेतली असंल का?" डब्यात कोणी काही बोलले नाही.

श्रीपादचा चढ

हॅटनहून मस्केलियामार्गे बसने नल्लतन्निया गाठले. तिथून श्रीपाद शिखर चढायचे. उंची २,२४३ मीटर. आपले कळसूबाई १,६४६ मीटर आहे. पायऱ्या सुमारे साडेपाच हजार. शिखरावर पावलासारखी खूण आहे. बौद्ध तिला भगवान बुद्धांची म्हणतात, हिंदू शिवाची, तर मुस्लिम आणि ख्रिस्ती आदमची. खुणेवर आपला विश्वास असो वा नसो, पण चार धर्मांची माणसे एकाच पायवाटेने एकमेकांना वाट देत चढतात, हे मात्र डोळ्यांनी पाहिले. सिंहली भाषेत या डोंगराला फुलपाखरांचा डोंगर असेही नाव आहे.

रात्री दोनला निघालो. वाटेवर दिवे होते, चहाच्या टपऱ्या होत्या. तीन हजार पायऱ्यांनंतर आमची कॉलेजातली पोरे धापा टाकत बसली. आम्हालाही ऑफिसच्या खुर्चीने दगा दिला. पोटऱ्या दगडासारख्या झाल्या. आजी मात्र पदर खोचून एका लयीत पुढे. "बसू नका, बसलं की अंग जड होतं," असे सांगत त्यांनीच आम्हाला वर नेले.

वर बोचरा वारा होता. सूर्य उगवला आणि पश्चिमेच्या धुक्यावर शिखराची त्रिकोणी सावली पडली. कोणी काढून ठेवावी तशी रेखीव! तिथे एक घंटा आहे. जितक्यांदा चढलात तितके टोल द्यायचे. आजींनी एक टोल दिला, डोळे पुसले आणि म्हणाल्या, "एवढ्या वर्षांत पायांनी पयल्यांदा माझ्यासाठी काम केलं."

हरणाची गोष्ट

पुढे हॉर्टन प्लेन्सला गेलो. दोन हजार मीटरच्या वर गवताळ पठार, त्यात चरणारी सांबरे आणि एका टोकाला आठशे मीटरहून खोल सरळ कडा. सकाळी लवकर पोहोचा, उशीर झाला की ढग दरी झाकून टाकतात. सिंहराज अरण्य १९८८ पासून जागतिक वारसा यादीत आहे. तिथल्या निम्म्याहून अधिक जातींची झाडे श्रीलंकेबाहेर सापडत नाहीत. जळवा मात्र भरपूर!

शेवटी मिहिंतले. देवानंपिय तिस्स राजा हरणाच्या शिकारीला निघाला असता इथेच त्याला महेंद्र थेर भेटले, अशी परंपरा आहे. ज्येष्ठ पौर्णिमेचा तो दिवस. धम्म या बेटावर आला तो राजवाड्यात नव्हे, रानात आला. म्हणून रान पाहिल्याशिवाय ही यात्रा पुरी होत नाही, असे आम्हाला वाटते.

जाणाऱ्यांसाठी

श्रीपादचा हंगाम डिसेंबर ते मे. स्वेटर, बॅटरी आणि पायात बसलेले बूट घ्या. नवे बूट नकोत. गुडघ्याचे वा हृदयाचे दुखणे असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. जंगलात प्लॅस्टिक टाकू नका. नोव्हेंबर २०२५ च्या चक्रीवादळात डोंगराळ भागात दरडी कोसळल्या होत्या, तेव्हा निघण्याआधी रस्ता आणि रेल्वेची चौकशी करा. पासपोर्टची कागदपत्रे वर्षभर आधी जमवा. आजींच्या जन्मतारखेच्या पुराव्यासाठी आम्ही सात महिने हेलपाटे घातले.

बंधू-भगिनींनो, डोंगर-दऱ्या पाहणे ही श्रीमंतांची मक्तेदारी नाही. आपल्या आया-बहिणींनी जन्मभर मजुरीसाठी पाय झिजवले. एकदा तरी त्यांना आनंदासाठी चालू द्या. श्रीलंका जमत नसेल तर कळसूबाईपासून सुरुवात करा. भिशी मात्र आजच लावा.

जयभीम!