एल्म : चूक लिहितानाच पकडणारी भाषा

ब्राउझरमध्ये चालणाऱ्या बहुतेक प्रोग्रामांच्या मुळाशी जावास्क्रिप्ट असते. ब्रेंडन आइक यांनी १९९५मध्ये नेटस्केप कंपनीत असताना दहा दिवसांत तिचा पहिला नमुना उभा केला, आणि वेबपानात थोडी हालचाल आणण्यापुरती बेतलेली ही भाषा पुढे बँकेच्या व्यवहारांपासून रेल्वेच्या आरक्षणापर्यंत सगळीकडे राबू लागली. एखाद्या चलात अंक आहे, मजकूर आहे की काहीच नाही, म्हणजेच त्याचा 'प्रकार' कोणता, हे या भाषेत आधी ठरवावे लागत नाही. त्यामुळे लिहिण्याचे काम झटपट होते, परंतु लिहितानाच ध्यानात यायला हवी होती अशी चूक अनेकदा वापरणाऱ्याच्या पडद्यावर उघडी पडते. 'अनडिफाइंड इज नॉट अ फंक्शन' हा संदेश वेब प्रोग्रामरांना तोंडपाठ असतो तो यामुळेच.

हा क्रम उलटा करण्याचा एक निग्रही प्रयत्न म्हणजे एल्म. इव्हान चॅप्लिकी यांनी २०१२मध्ये हार्वर्ड विद्यापीठातील आपल्या पदवी प्रबंधातून ती मांडली. एल्ममधील मजकूर तिचा कंपायलर, म्हणजे एका भाषेतील प्रोग्रामचे दुसरीत रूपांतर करणारा प्रोग्राम, आधी तपासतो आणि निर्दोष ठरला तरच त्याची जावास्क्रिप्ट करून देतो. हा कंपायलर स्वतः हॅस्केल या भाषेत लिहिलेला आहे आणि एल्मची लेखनशैलीही बरीचशी तिच्याच वळणाची आहे. प्रत्येक ठिकाणी प्रकार लिहून द्यावा लागत नाही. वापरावरून तो कंपायलर स्वतः ताडतो.

या तपासणीचे मर्म एका उदाहरणातून दिसेल. रेल्वे तिकिटाची स्थिती कन्फर्म, आरएसी किंवा वेटिंग असते, आणि शेवटच्या दोहोंना क्रमांक जोडलेला असतो. एल्ममध्ये या तीन पर्यायांचा मिळून एकच प्रकार घोषित करता येतो, ज्यात वेटिंगला क्रमांक असतो आणि कन्फर्मला तो देताच येत नाही. पुढे कोणी या प्रकारात 'रद्द' हा चौथा पर्याय वाढवला, तर ज्या ज्या ठिकाणी तिकिटाच्या स्थितीनुसार वेगवेगळी वाट धरली आहे, त्या प्रत्येक ठिकाणी बोट ठेवून कंपायलर अडून बसतो. (सर्वांसाठी म्हणून एखादी सरसकट वाट लिहून ठेवली असेल, तर मात्र त्याचा नाइलाज होतो.) 'नल', म्हणजे मूल्याच्या जागी असलेले शून्यत्व, एल्ममध्ये नाहीच. ही कल्पना १९६५मध्ये प्रथम आणणारे टोनी होअर यांनीच पुढे तिला आपली अब्ज डॉलरची चूक म्हटले होते. यादीतील पहिला घटक मागितला, तर एल्म थेट घटक देत नाही. 'मेबी' या प्रकारात गुंडाळून देते, आणि यादी रिकामी असल्यास काय करायचे हे लिहिल्यावाचून तो घटक वापरता येत नाही.

एल्मच्या कंपायलरची बोलण्याची रीतही निराळी आहे. नावात अक्षर चुकले, तर तो प्रथमपुरुषी एकवचनात, हे नाव आपल्याला सापडत नाही असे सांगतो आणि जवळची नावे पुढे ठेवतो. यंत्राने इतके सौजन्य दाखवावे हे सुरुवातीला विचित्र वाटते, पण रस्ट भाषेने २०१६मध्ये आपले त्रुटिसंदेश नव्याने घडवताना एल्मचे ऋण मान्य केले, यावरून त्या रीतीचे मोल कळते.

प्रोग्रामची रचनाही एल्मने ठरवून दिली आहे. सगळी माहिती 'मॉडेल'मध्ये असते, 'व्ह्यू' त्यावरून पडदा रेखाटतो, आणि बटण दाबले की निघणारा संदेश 'अपडेट' या फंक्शनकडे जाऊन नवे मॉडेल तयार होते. वेबपाने रचण्याच्या रिअॅक्ट या जावास्क्रिप्ट लायब्ररीच्या जोडीने रूढ झालेल्या रिडक्स या लायब्ररीने २०१५मध्ये याच मांडणीपासून प्रेरणा घेतली. एल्म न वापरणाऱ्यांपर्यंत एल्म पोहोचली ती अशी, आणि तिचे खरे यश कदाचित हेच आहे.

हा काटेकोरपणा फुकट मिळत नाही. सर्व्हरकडून 'जेसन' या मांडणीत आलेला मजकूर जसाच्या तसा वापरता येत नाही, तो तपासून एल्मच्या प्रकारांत आणणारे 'डिकोडर' लिहावे लागतात, आणि नवख्याला ते काम जाचक वाटते. जावास्क्रिप्टशी व्यवहार प्रामुख्याने 'पोर्ट' नावाच्या खिडकीतून, संदेशांच्या देवघेवीने करायचा असतो. २०१८च्या ०.१९ आवृत्तीपासून पॅकेजमध्ये जावास्क्रिप्ट थेट मिसळण्याची मुभा एल्मच्या अधिकृत पॅकेजांपुरतीच उरली, तेव्हा ज्यांचे काम त्यावर अवलंबून होते त्यांच्यातील काहींनी ही भाषा रागाने सोडली. भाषेची हमी राखायची तर हा निर्णय तर्काला धरून होता. तो ज्यांच्यावर लादला गेला त्यांची तक्रारही तितकीच रास्त होती.

०.१९.१ ही आवृत्ती ऑक्टोबर २०१९मध्ये आली आणि पुढची पाच वर्षे तिच्यानंतरची आवृत्ती निघाली नाही. ज्या कामात जावास्क्रिप्टची तयार पॅकेजे पावलोपावली लागतात, तिथे टाइपस्क्रिप्ट ही जावास्क्रिप्टला प्रकारांची जोड देणारी भाषाच सोयीची. पण प्रकारांची शिस्त म्हणजे काय हे समजून घ्यायला एल्मइतकी लहान आणि स्वच्छ भाषा क्वचितच सापडेल. तिच्या संकेतस्थळावर काहीही इन्स्टॉल न करता प्रोग्राम लिहून पाहण्याची सोय आहे. जिज्ञासूंनी तिथे मुद्दाम एखादी चूक करावी आणि कंपायलर काय म्हणतो ते सावकाश वाचावे.