‘पासून’ आणि इंग्रजीचा पूर्ण वर्तमानकाळ
नागपूरच्या प्रतापनगरात दहा वर्षे राहत असलेला मराठी विद्यार्थी इंग्रजीत पुष्कळदा लिहितो : ‘आय ॲम लिव्हिंग इन प्रतापनगर सिन्स टेन इयर्स.’ यातील शब्दयोगी अव्ययाचा दोष सहज उलगडतो. ‘सोमवारपासून’ व ‘दहा वर्षांपासून’ या दोहोंस मराठीत एकच ‘पासून’ पुरते. इंग्रजी आरंभास ‘सिन्स’ व कालावधीस ‘फॉर’ योजते.

क्रियापदाचा दोष अधिक खोल आहे. येथे ‘हॅव लिव्ह्ड’ किंवा ‘हॅव बीन लिव्हिंग’ हवे. परंतु ‘हॅव लिव्ह्ड’शी रूपाने जुळणारे ‘मी तेथे दहा वर्षे राहिलो आहे’ हे वाक्य ऐकताच मराठी माणूस समजतो की, वास्तव्य संपले. विद्यार्थी ते रूप टाळतो ते अज्ञानामुळे नव्हे, तर स्वभाषेच्या जाणिवेमुळे. (जर्मन व फ्रेंच याही भाषा अशा ठिकाणी वर्तमानकाळच वापरतात, जर्मन ‘झाइट’ तर ‘पासून’प्रमाणेच दोन्हीकडे चालते. वेगळी चाल इंग्रजीची आहे.) खरा धोका अर्धवट दुरुस्तीत असतो. अर्जात ‘आय लिव्ह्ड देअर फॉर टेन इयर्स’ असे लिहिले की व्याकरण निर्दोष ठरते, मात्र अर्जदाराने प्रतापनगर सोडले असा अर्थ होतो; आणि वाक्य शुद्ध असल्याने शिक्षकाची लाल रेघही त्याखाली उमटत नाही.