अभिजात विज्ञानकादंबरीचे पुनरुज्जीवन : उत्तरकथा आणि पुनर्कथन

जुने आख्यान नव्याने सांगणे भारतीय वाचकाला अपरिचित नाही. कर्ण वा द्रौपदी यांच्याकडे प्रत्येक पिढी आपापल्या मूल्यदृष्टीतून पाहत आली आहे. विज्ञानकादंबरीच्या बाबतीत मात्र एक वेगळी अडचण उद्भवते : तिला आधारभूत असलेले ज्ञानच कालांतराने बाद ठरते. अशा कादंबरीचे पुनरुज्जीवन करताना काय बदलावे आणि काय जपावे, याचा विचार येथे दोन उदाहरणांच्या आधारे करावयाचा आहे.

एच. जी. वेल्स यांच्या ‘द टाइम मशीन’ (१८९५) या कादंबरीतील कालप्रवासी तीन कोटी वर्षांनंतरच्या पृथ्वीवर पोहोचतो, तेव्हा सूर्य विझत आलेला असतो. सूर्याची उष्णता काही कोटी वर्षांपलीकडे टिकणार नाही, हे लॉर्ड केल्विन यांच्या काळातील भौतिकीचे अनुमान होते. पुढे अणुकेंद्रांच्या संमीलनाचे ज्ञान झाले आणि सूर्याचे उर्वरित आयुष्य सुमारे ५०० कोटी वर्षे ठरले. तरीही कादंबरी टिकली. कारण वर्गभेद टोकाला गेल्यास मानवजातच दुभंगेल काय, हा तिचा मूळ प्रश्न आहे. इ. स. ८०२७०१ मधील भूपृष्ठावरचे एलॉय आणि भूगर्भातले मॉरलॉक ही त्या दुभंगाची रूपे होत.

स्टीफन बॅक्स्टर यांनी वेल्स यांच्या हक्कधारकांच्या अनुमतीने, मूळ कृतीच्या शताब्दीवर्षी, ‘द टाइम शिप्स’ (१९९५) ही उत्तरकथा लिहिली. वीनाला वाचविण्यासाठी पुन्हा निघालेल्या प्रवाशाला पूर्वीचे भविष्य सापडत नाही; त्याच्या पहिल्या प्रवासामुळेच ते बदललेले असते. या कल्पनेला ह्यू एव्हरेट यांच्या १९५७ मधील बहुविश्व-मीमांसेचा आधार आहे. परंतु त्याहून महत्त्वाचा बदल दुसराच होय. वेल्स यांच्या कथेत केवळ भय निर्माण करणारा मॉरलॉक येथे नेबोगिप्फेल या नावाने प्रवाशाचा विद्वान सहचर बनतो आणि त्याच्या पूर्वग्रहांना प्रश्न विचारतो.

दुसरे उदाहरण पुनर्कथनाचे. एच. बीम पायपर यांच्या ‘लिटल फझी’ (१९६२) या कादंबरीत एका परग्रहावरील लहानशा केसाळ जिवांना बुद्धिमान ठरवावे काय, हा वाद न्यायालयात जातो. ते बुद्धिमान ठरल्यास ग्रहावरील कंपनीची सनद रद्द होणार असते. पायपर यांचे फझी अखेर माणसांच्या पालकत्वाखाली, मुलांसारखे राहतात. जॉन स्कॅल्झी यांनी ‘फझी नेशन’ (२०११) मध्ये हीच कथा पुन्हा आरंभापासून मांडली. नायक जॅक हॉलोवे तेथे संशयास्पद चारित्र्याचा माजी वकील आहे, आणि न्यायालयात फझी स्वतःच साक्ष देतो.

दोन्ही कृतींतील साम्य लक्षणीय आहे. मूळ संहितेत ज्याच्याविषयी इतरांनी बोलावयाचे, त्याला येथे वाचा मिळते. कालबाह्य विज्ञानाची दुरुस्ती हे तुलनेने सोपे काम. कालबाह्य दृष्टीची दुरुस्ती हे पुनरुज्जीवनाचे खरे प्रयोजन म्हणता येईल.

याची किंमतही असते. वेल्स यांचा प्रवासी दुसऱ्यांदा जातो तो परततच नाही, आणि ती अनिश्चितता वाचकाला अस्वस्थ ठेवते. बॅक्स्टर त्याला अखेर वीनापर्यंत पोहोचवतात. त्यामुळे वाचकाला दिलासा मिळतो, पण मूळ शेवटातील रिक्तता भरून निघते आणि तिच्यासोबत तिची धारही ओसरते. म्हणून उत्तरकथा मूळ कृतीची जागा घेऊ शकत नाही. अभ्यासकाने दोन्ही संहिता शेजारी ठेवून वाचणे, हेच इष्ट होय.