ऑक्टोबर ते ईस्टर

ऑक्टोबर लागला की हिवाळी टायर चढवायचे आणि ईस्टर उलटला की उतरवायचे, हा जर्मनीतला घरोघरचा नेम. या दिवसांत टायरवाल्यांकडे लवकर वेळ मिळत नाही. ज्यांच्याकडे रिमांचे दोन सेट आहेत ते अंगणात जॅक लावून स्वतःच चाकं बदलतात आणि पन्नासेक किलोमीटर गाडी चालवून झाली की नट पुन्हा पान्ह्यानं आवळतात. ज्यांना घरात जागा नाही त्यांची चाकं दुकानदार पुढच्या मोसमापर्यंत आपल्या गोदामात ठेवतो. असल्या गोदामाला तिकडचे लोक चक्क ‘टायरांचं हॉटेल’ म्हणतात. चार चाकांना मुक्काम आणि त्याचं भाडं!

साध्या कौटुंबिक गाडीसाठी हा सगळा खटाटोप वाजवी आहे का, यावर जर्मनीतही वाद घालता येतो. वेगवान गाडीच्या बाबतीत मात्र माझ्या मते वादाला फारशी जागा नाही. उदाहरणादाखल श्टुटगार्टच्या झुफेनहाउझेन भागात जन्मणारी पोर्शे ९११ घेऊ. २०१९ साली बाजारात आलेल्या पिढीतली कॅरेरा एस ही गाडी ४५० अश्वशक्तीची आणि साधारण दीड टन वजनाची आहे. तिचा कमाल वेग ताशी ३०८ किलोमीटर. इंजिन मागच्या आसाच्याही मागे असल्यामुळे पुढचे टायर २४५ मिलिमीटर रुंद, तर मागचे तब्बल ३०५ मिलिमीटर. आता हवेच्या दाबावरून हिशोब मांडून पाहा. उभ्या गाडीच्या चारही टायरांचा रस्त्याला टेकलेला भाग एकत्र केला, तर तो एका ए-फोर कागदाच्या आसपास भरतो. वेग घेणं, वळणं, थांबणं हे सगळं त्या कागदावर चालतं. इंजिनवर लाखांनी खर्च करणारा माणूस कागद निवडताना मात्र दुकानदाराच्या हाताला येईल तो घेतो, हे मला नेहमीच नवल वाटत आलं आहे.

समर आणि विंटर टायरमधला फरक नक्षीपेक्षा आधी रबरात असतो. डिसेंबरात खोबरेल तेलाची बाटली उलटी केली तरी थेंब पडत नाही. तेल तेच, पण थिजलेलं. टायरचं रबर असं एका झटक्यात थिजत नाही, हळूहळू ताठरत जातं. रस्ता डोळ्यांना सपाट दिसला तरी त्याच्या पृष्ठभागावर बारीक खडीचे उंचवटे असतात. रबर त्या उंचवट्यांभोवती दबतं, मुडपतं, पुन्हा पसरतं, आणि या घडामोडीत जी ऊर्जा जिरते तिच्यातून पकड मिळते. ताठ झालेलं रबर खडीच्या माथ्यांवरून नुसतं सरकतं.

इथे एक बारकी गोष्ट आहे. ताशी १०० किलोमीटर वेगात टायरचा एखादा ठोकळा रस्त्याला जेमतेम चार-पाच सहस्रांश सेकंद टेकून असतो. तेवढ्या वेळात खडी त्याला कितीतरी वेळा ढुशा देते. आणि रबराचा स्वभाव असा की त्याला जितक्या घाईनं हलवावं तितकं ते अधिक ताठ वागतं, जणू प्रत्यक्षापेक्षा जास्त गारठलेलं. म्हणूनच हाताला मऊ लागणारा टायर रस्त्यावर कडक ठरू शकतो. अंगठा दाबून टायर पारखणाऱ्यांची संख्या मोठी आहे, पण अंगठ्याला हा वेग कुठून येणार?

हिवाळी टायरचं मिश्रण थंडीतही लवचीक राहील असं बेतलेलं असतं. त्यात नैसर्गिक रबराचं प्रमाण सहसा जास्त असतं आणि सिलिकाही भरपूर असते. १९९२च्या सुमारास मिशलॅननं काजळीऐवजी सिलिका वापरलेले टायर बाजारात आणले. तोवर ओल्या रस्त्यावर पकड वाढवली की टायर जड फिरे आणि इंधन जास्त लागे. सिलिकेनं ही कोंडी बरीचशी फोडली. आज उन्हाळी असो वा हिवाळी, कोणताही चांगला टायर तिच्याशिवाय होत नाही.

नक्षीचा मुद्दा त्यानंतरचा. हिवाळी टायरच्या प्रत्येक ठोकळ्यावर ब्लेडनं चिरल्यासारख्या शेकडो नागमोडी चिरा असतात. ठोकळा रस्त्यावर टेकला की त्या उघडतात आणि प्रत्येक चिरेची कड बर्फाला ओरखडते. शिवाय त्यांत बर्फ भरून राहतो, आणि तो भरून राहावा अशीच योजना असते, कारण रबरापेक्षा बर्फ बर्फाला अधिक घट्ट धरतो. पण याच चिरांमुळे ठोकळा डुगडुगतो. कोरड्या रस्त्यावर जोरात वळण घेताना स्टिअरिंग फिरवणं आणि गाडीनं वळणं यांच्यामध्ये जी किंचित ढिलाई जाणवते, ती तिथून येते. नव्वद टक्के मालकांना ती कळणारही नाही. ९११ विकत घेणारा मात्र उरलेल्या दहांतला असतो, निदान त्याची स्वतःची तशी समजूत असते.

हिवाळी टायर ही मुळात फिनलंडची देणगी. नोकिया गावच्या रबर कारखान्यानं १९३४ साली मालमोटारींसाठी खास हिवाळ्याचा टायर काढला. आडव्या खोल खाचांचा, बर्फात रुतून न बसणारा. दोन वर्षांनी प्रवासी मोटारींसाठी ‘हाक्कापेलीट्टा’ आला. हे नाव आजही चालू आहे. याच कंपनीनं मार्च २०१३मध्ये गोठलेल्या समुद्रावर खिळ्यांच्या टायरांची एक ऑडी आरएस-सिक्स ताशी ३३५.७१३ किलोमीटर वेगानं पळवली. ‘हिवाळी टायर म्हणजे म्हाताऱ्यांचा टायर’ म्हणणाऱ्यांना एवढा आकडा पुरे. (जर्मनीत मात्र खिळ्यांच्या टायरांना बंदी आहे. डांबराची चाळण होते.)

आता ‘सात अंशां’बद्दल. पारा ७ अंश सेल्सिअसच्या खाली गेला की विंटर टायर, हे सूत्र युरोपभर टायरवाल्यांच्या तोंडी असतं. ते सोयीचं आहे, लक्षात राहतं, आणि अर्धंच खरं आहे. निसर्गानं सातवर रेघ ओढलेली नाही. कोरड्या डांबरावर ४-५ अंशांतही उत्तम प्रतीचा समर टायर विंटरपेक्षा कमी अंतरात थांबू शकतो. ओल्या रस्त्यावर ही आघाडी कमी होत जाते. बर्फ पडला की मात्र चित्र पार पालटतं. समर टायरच्या गाडीला थांबायला कितीतरी पट अंतर लागतं, आणि हलक्या चढावर तर ती जागची हलत नाही. म्हणजे प्रश्न सरासरी तापमानाचा नाही, मोसमातल्या सर्वांत वाईट सकाळचा आहे. श्टुटगार्ट खोलगट भागात वसलंय. खाली शहरात नुसता पाऊस असताना आठ नंबरच्या ऑटोबानवरून उल्मकडे निघालेली गाडी श्वेबिश आल्बचा घाट चढते तेव्हा वर बर्फ असू शकतो. घाटाच्या पायथ्याशी टायर बदलता येत नाहीत.

आणि समर टायरांतही जे सर्वांत चिकट, शर्यतीच्या ट्रॅकसाठी जवळजवळ तयार केलेले असतात, ते थंडीत केवळ निरुपयोगी होत नाहीत, तडकूही शकतात. शेवरले कॉर्व्हेटच्या पुस्तिकेत कंपनी बजावते की असे टायर उणे ७ अंशांच्या वर, घरातच ठेवा. गाडी हिवाळाभर झाकून ठेवणाऱ्यांनीही हे ध्यानात घ्यावं.

कायद्याचं थोडक्यात. जर्मनीत तारखांचं बंधन नाही, परिस्थितीचं आहे: रस्त्यावर बर्फ, चिखलबर्फ किंवा दव गोठलेलं असेल तर हिवाळ्याला योग्य टायर हवेत. नसतील तर ६० युरो दंड आणि परवान्यावर एक दंडगुण. १ ऑक्टोबर २०२४पासून तर टायरच्या बाजूवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण हे चिन्ह लागतंच. पूर्वी चालणारी नुसती ‘एम प्लस एस’ ही अक्षरं आता चालत नाहीत, कारण ती छापायला कुठली चाचणी लागत नसे. ऑस्ट्रियात हिवाळी टायरच्या खाचा किमान ४ मिलिमीटर खोल असाव्या लागतात. कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात सरळ तारीख आहे: १ डिसेंबर ते १५ मार्च.

वेगवान गाडीवाल्याला आणखी एक चिन्ह वाचता आलं पाहिजे. टायरच्या मापाशेवटी एक अक्षर असतं: एच म्हणजे ताशी २१० किलोमीटर, व्ही म्हणजे २४०, डब्ल्यू म्हणजे २७०, वाय म्हणजे ३००. हिवाळी टायर गाडीच्या कमाल वेगापेक्षा खालच्या अक्षराचा असला तरी जर्मनीत चालतो, पण मग ड्रायव्हरच्या नजरेसमोर त्या वेगाचा स्टिकर लावावा लागतो. ३०८च्या गाडीत ‘२४०’ असा कागद डकवलेला पाहून मालकाला काय वाटत असेल, ते असो. शिवाय पोर्शे आपल्या गाड्यांसाठी कंपन्यांकडून टायर खास जुळवून घेते आणि त्यांवर एन-झिरो, एन-वन अशी खूण असते. बीएमडब्ल्यूची खूण तारा. एकाच नावाचे खुणेचे आणि बिनखुणेचे टायर एकत्र लावू नयेत. चारही टायर एका मोसमाचे असावेत हे तर त्याहून महत्त्वाचं. मागे विंटर आणि पुढे समर लावलेली गाडी बर्फात पळेल खरी, पण वळणार नाही. फोर-व्हील ड्राइव्ह आहे म्हणून विंटर टायर नको, हाही असाच भ्रम. चारही चाकांना मिळणारी ताकद गाडी हलवायला उपयोगी पडते, ब्रेक तर प्रत्येक गाडीला चारही चाकांवर असतातच.

राहता राहिला वर्षभर चालणारा ऑल-सीझन टायर. अमेरिकेत गुडइयरनं १९७७ साली ‘टिएम्पो’ आणला तेव्हापासून तिथे बहुतेक गाड्या कारखान्यातूनच ऑल-सीझनवर बाहेर पडतात. पण तिथला वेगवान गाड्यांसाठीचा ऑल-सीझन हा बऱ्याचदा थंडी सोसणारा समर टायर असतो. डोंगर-हिमकणाचं चिन्ह अनेकांवर नसतं. युरोपातला ऑल-सीझन बराच काळ उलट, म्हणजे मवाळ केलेला विंटर टायर होता. २०१५ साली मिशलॅननं ‘क्रॉसक्लायमेट’ काढला, तो समरच्या अंगानं जाणारा आणि तरी हिवाळ्याचं चिन्ह असलेला. तेव्हापासून युरोपात या प्रकाराला बरकत आली. नेदरलँड्सची व्रेडेस्टाइन या क्षेत्रातली जुनी जाणती कंपनी, आणि २००९पासून ती भारतातल्या अपोलो टायर्सच्या मालकीची आहे. म्हणजे राइन नदीकाठच्या एखाद्या छोट्या गाडीखाली भारतीय मालकीचा ऑल-सीझन फिरत असण्याची शक्यता बऱ्यापैकी आहे.

सपाट प्रदेश, सौम्य हिवाळा, शहरातल्या फेऱ्या, दीडशे अश्वशक्तीच्या आतली गाडी: अशा ठिकाणी चांगला ऑल-सीझन घ्यावा आणि ऑक्टोबरची रांग चुकवावी, यात काही वावगं नाही. वेगवान गाडीचं गणित वेगळं पडतं. जुलैत तापलेल्या ऑटोबानवर २०० च्या वेगातून ब्रेक दाबताना ऑल-सीझनचं मऊ रबर आणि चिरांचे ठोकळे समर टायरच्या मागे पडतात, आणि जानेवारीत आल्प्समध्ये खऱ्या विंटर टायरच्या. ज्या काटेकोरपणासाठी एवढे पैसे मोजले, तोच वर्षाचे बारा महिने थोडा थोडा सोडून द्यायचा, हा सौदा मला पटत नाही. दोन सेट म्हणजे दुप्पट खर्च, हाही हिशोब पुरता बरोबर नाही. एक सेट चालतो तेव्हा दुसरा गोदामात असतो, त्यामुळे दोन्ही जास्त वर्षं टिकतात. जास्तीचा खर्च रिमांचा आणि साठवणुकीचा. हिवाळ्यात गाडी बाहेर काढायचीच नसेल तर मात्र एकटा समर पुरे.

हे सगळं महाराष्ट्रात कशाला? निफाडला पारा ५-६ अंशांवर उतरला की द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात, पण दुपारपर्यंत डांबर पुन्हा ऊबदार होतं. आपल्याकडे विंटर टायरला काही काम नाही. आपल्या उन्हात त्याचं मऊ रबर झपाट्यानं झिजेल. उलट ‘समर’ हे नाव पाहून पावसात हा टायर कसा चालेल, अशी शंका काहीजण काढतात. ती विनाकारण आहे. उबदार पावसात समर टायरइतकी ओली पकड दुसऱ्या कुठल्या प्रकाराला नाही. अपवाद ट्रॅकसाठीच्या टायरांचा. त्यांच्या खाचा इतक्या कमी असतात की साचलेल्या पाण्यावर ते तरंगू लागतात. घाटात पावसाळी सहलींना जाणाऱ्यांनी ते घेऊ नयेत, आणि घेतलेल्या टायरची खाच ३ मिलिमीटरवर आली की कायद्याच्या १.६ मिलिमीटरची वाट पाहू नये. खरेदी करताना बाजूवरचे चार आकडे वाचावेत: पहिले दोन आठवड्याचे, शेवटचे दोन वर्षाचे. ‘१४२४’ म्हणजे २०२४चा चौदावा आठवडा. महागड्या मापांचे टायर दुकानात वर्षानुवर्षं पडून राहू शकतात, म्हणून हे वाचणं अधिकच गरजेचं.

आणि श्टुटगार्ट हे १९६८पासून मुंबईचं भगिनी शहर. चाकण-पुण्याच्या मोटार उद्योगातून कामासाठी तिकडे गेलेल्या मुला-मुलींकडे नाताळात जाणारे मराठी आईवडील कमी नाहीत. तिथे भाड्यानं गाडी घेणार असाल तर सही करण्याआधी खाली वाकून चारही टायरांवर डोंगर आणि हिमकणाचं चिन्ह आहे का, ते पाहा. नसेल तर चाव्या परत करा आणि दुसरी गाडी मागा. दंडाची पावती गाडी चालवणाऱ्याच्याही नावावर फाटते.