शेक देण्याआधीचा हिशोब

 

गर्भाशयाच्या कर्करोगात पुष्कळ जणींना रेडिएशन घ्यायला सांगतात. आपल्याकडं कुणी त्याला शेक म्हणतं, कुणी लाईट. पहिल्या दिवशी स्कॅन काढतात, अंगावर खुणा करतात आणि सांगतात, काही दिवसांनी या. घरचे वैतागतात, "रोग वाढतोय अन् हे तारखा देतात!" काही जणी तिथूनच माघारी फिरतात. म्हणून त्या मधल्या दिवसांत काय चालतं, ते आज समजून घेऊ.

किरणं रोगाच्या पेशी मारतात, पण वाटेतल्या चांगल्या पेशींनाही इजा करतात. ओटीपोटात तर सगळी दाटी. पुढं लघवीची पिशवी, मागं गुदाशय, वर आतडी. म्हणून किरणं एकाच बाजूनं न देता अनेक बाजूंनी थोडी थोडी देतात. वाटेत थोडा डोस लागतो आणि सगळी जिथं भेटतात तिथं पुरेसा.

शेतातलंच बघा. मधे ऊस आहे, त्याला पाणी हवंय. भोवती काढणीला आलेला कांदा, पाणी लागलं की सडणारा. चहूबाजूंनी तुषारचे नोझल आहेत आणि प्रत्येकाची धार कांद्यावरूनच जाते. एक व्हॉल्व्ह कमी केला तर तिकडचा कांदा वाचतो, पण ऊस तहानतो. मग दुसरा वाढवावा लागतो. चार व्हॉल्व्ह अंदाजानं जमतील. नव्या मशीनमध्ये मात्र प्रत्येक झोताचे बारीक बारीक तुकडे करतात. म्हणजे शेकडो व्हॉल्व्ह झाले! तो हिशोब कॉम्प्युटर करतो.

आधी डॉक्टर स्कॅनच्या प्रत्येक चित्रावर रोगाची जागा आणि जपायचे अवयव आखतात. मग अटी घालतात. रोगाच्या जागेला इतका डोस मिळालाच पाहिजे, आतड्याला इतक्यापेक्षा जास्त नको. कॉम्प्युटर एक वाटणी करून बघतो. आपल्या गटात हप्ता चुकला की दंड, तशी अट मोडली की त्या वाटणीला दंड. महत्त्वाच्या अटीला मोठा दंड. मग व्हॉल्व्ह जरा जरा बदलत, एकूण दंड आणखी उतरेनासा होईपर्यंत तो हिशोब करत राहतो.

सगळ्या अटी पूर्ण पाळल्या जातीलच असं नाही. कुठली अट किती महत्त्वाची, हे डॉक्टरच ठरवतात. तयार झालेली योजना तज्ज्ञ तपासतात आणि मगच शेक सुरू होतो.

या खटाटोपानं काय साधतं? टाटा मेमोरियल सेंटरच्या डॉ. सुप्रिया चोप्रा आणि सहकाऱ्यांचा अभ्यास 2021 साली प्रसिद्ध झाला. गर्भाशय काढल्यावर शेक लागलेल्या 300 स्त्रिया त्यात होत्या. काहींना आधीच्या पद्धतीनं शेक दिला, काहींना अशा बारीक हिशोबानं आणि मशीनवरच चित्र काढून जागा तपासून. तीन वर्षांत आतड्याचा मध्यम किंवा जास्त त्रास आधीच्या पद्धतीत शंभरात सुमारे 42 जणींना झाला, नव्या पद्धतीत सुमारे 21 जणींना. रोग आटोक्यात राहण्यात फारसा फरक नव्हता. म्हणजे उपचार तितकाच, त्रास निम्मा. जुलाबाच्या धास्तीनं जिला एसटीत बसता येत नाही की खुरपायला जाता येत नाही, तिला विचारा याची किंमत.

सगळीकडं हीच पद्धत असेल असं नाही. आपल्याला कुठली देणार आणि का, हे डॉक्टरांना जरूर विचारावं.

आता आपलं काम. हिशोब स्कॅनच्या दिवशीच्या शरीरावर केलेला असतो, म्हणून रोज तसंच निजायचं. अंगावरच्या खुणा घासून पुसायच्या नाहीत. लघवीची पिशवी भरून यायला सांगितलं असेल, तर सांगितल्याइतकंच पाणी प्यायचं. पिशवी रिकामी असली तर आतडी खाली सरकतात आणि किरणांच्या वाटेत येतात. शेक बहुधा आठवड्यातून पाच दिवस, असे पाच-सहा आठवडे चालतो. मधेच खाडा करू नका. जुलाब, लघवीची आग लाजेपोटी लपवू नका. दिलेली तारीख उलटून गेली, तर गप्प न बसता विचारा.

महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचे उपचार बसतात. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र असतात, रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन त्यांना भेटा. आणि गटातल्या कुणाचा शेक चालू असेल, तर सोबत कुणी कुठल्या दिवशी जायचं, ते या महिन्याच्या बैठकीतच ठरवून टाका.