विश्लेषण : पुरात बुडालेल्या दुकानाच्या नुकसानीचा आकडा ठरवतो कोण? विमा सर्वेक्षक नेमके काय पाहतो?

तलाठ्याने पंचनामा केला, नुकसानीचा आकडा लिहून घेतला, तरी विमा कंपनीने त्याच्या निम्मीच रक्कम कशी काय मंजूर केली? पूर ओसरल्यानंतर काही महिन्यांनी हा प्रश्न बाजारपेठेत हमखास ऐकू येतो. सांगली-कोल्हापुरात २०१९ मध्ये, चिपळूणमध्ये २०२१ मध्ये आणि पुण्यातील सिंहगड रस्ता परिसरात २०२४ मध्ये पाणी शिरले, तेव्हा हजारो घरे आणि दुकाने चिखलात गेली. विमा काढलेल्यांपुढे त्यानंतर दुसरी लढाई उभी राहते, ती कागदांची. तिचा निकाल बऱ्याच अंशी एका व्यक्तीच्या अहवालावर ठरतो. ती व्यक्ती म्हणजे विमा सर्वेक्षक, अर्थात सर्व्हेअर.

पंचनामा आणि सर्व्हे यांत फरक काय?

महसूल विभागाचा पंचनामा सरकारी मदतीसाठी असतो. ही मदत ठरलेल्या निकषांनुसार आणि ठरलेल्या मर्यादेत मिळते. २०२१ च्या पुरानंतर राज्य सरकारने दुकानदारांना नुकसानीच्या ७५ टक्के, पण जास्तीत जास्त ५० हजार रुपये मदत जाहीर केली होती. दुकानात दोन लाखांचा माल होता की वीस लाखांचा, याने त्या मर्यादेत फरक पडत नव्हता. त्यामुळे पंचनाम्यात मालाची बारीक मोजदाद नसते.

विम्याचा सर्व्हे हा करारावर आधारलेला हिशेब असतो. पॉलिसीत कोणती मालमत्ता, कोणत्या पत्त्यावर, किती रकमेला आणि कोणत्या धोक्यापासून सुरक्षित केली आहे, हे पाहून प्रत्यक्ष हानी मोजली जाते. पूर आला होता आणि जागा पाण्याखाली होती, एवढे सिद्ध करायला पंचनामा उपयोगी पडतो, म्हणून त्याची प्रत दाव्याला जरूर जोडावी. त्यातला आकडा मात्र कंपनीवर बंधनकारक नसतो. अनेक विमाधारक पंचनामा झाल्यावर निर्धास्त होतात आणि कंपनीला कळवायला आठ-दहा दिवस लावतात. खरी अडचण तिथून सुरू होते.

सर्वेक्षक कंपनीचा माणूस असतो का?

त्याला कंपनी नेमते आणि त्याचे शुल्कही कंपनीच देते. तरीही तो कंपनीचा नोकर नसतो. विमा कायदा, १९३८ मधील कलम ६४ यूएम नुसार ठरावीक रकमेपुढील नुकसानीचे मूल्यांकन परवानाधारक सर्वेक्षकाकडूनच करून घ्यावे लागते. सध्या ही मर्यादा वाहनांसाठी ५० हजार आणि इतर मालमत्तेसाठी एक लाख रुपये आहे. परवाना विमा नियामक, म्हणजे ‘आयआरडीएआय’ देते. आग, अभियांत्रिकी, सागरी, मोटार असे परवान्याचे विभाग आहेत. दुकानात किंवा घरात आलेल्या सर्वेक्षकाला परवाना क्रमांक आणि विभाग विचारण्यात गैर काहीच नाही. मोटारींचाच परवाना असलेला माणूस कापडाच्या गोदामाचे मूल्यांकन करायला आला, तर विमाधारकाने लेखी हरकत घ्यावी.

आयआरडीएआयच्या जून २०२४ च्या मास्टर सर्क्युलरनुसार दावा कळवल्यापासून २४ तासांत सर्वेक्षक नेमायचा, त्याचा अहवाल १५ दिवसांत मिळवायचा आणि अहवाल हाती आल्यापासून सात दिवसांत निर्णय द्यायचा, अशी मुदत आहे. पूर संपूर्ण शहरात आला असेल, तर एकेका सर्वेक्षकाच्या हाती डझनावारी दावे असतात आणि तारखा पुढे सरकतात. म्हणूनच दावा कळवल्याची वेळ, दावा क्रमांक आणि सर्वेक्षक प्रत्यक्ष आल्याची तारीख लिहून ठेवली, तर पुढे तक्रार करताना हाताशी काही तरी असते.

सर्वेक्षक येईपर्यंत चिखल काढायचा नाही का?

काढायचाच. नुकसान वाढू न देणे ही विमाधारकाची जबाबदारी असते. शिवाय पूर ओसरला की नगरपालिकेच्या गाड्या कचरा उचलायला येतात, दुर्गंधी सुटते, रोगराईची भीती असते. कंपनीचा माणूस येईल म्हणून कुजलेले धान्य आठवडाभर दुकानात ठेवा, असे कोणी सांगत असेल तर तो अडाणी सल्ला आहे. मात्र माल हलवण्यापूर्वी पुरावा तयार झालेला हवा.

त्यासाठी मोबाइल पुरेसा आहे. आधी दुकानाची पाटी आणि बाहेरचा भाग दिसेल असा सलग व्हिडीओ घ्यावा. मग आतली प्रत्येक मांडणी, मालाचे खोके, त्यांवरची लेबले, बॅच क्रमांक आणि यंत्रांचे अनुक्रमांक. भिंतीवरची पाण्याची खूण सर्वांत महत्त्वाची. सर्वेक्षक फूटपट्टी लावून ती उंची मोजतो आणि त्यावरून कोणत्या कप्प्यापर्यंतचा माल भिजला असेल, हे ताडून पाहतो. भिंत लगेच रंगवून घेणाऱ्याचा हा पुरावा कायमचा पुसला जातो. पाणी साडेचार फुटांवर थांबले असताना पोटमाळ्यावरच्या मालाचाही दावा केला, तर उरलेल्या खऱ्या दाव्यावरही संशयाची सावली पडते.

नाशवंत माल टाकावाच लागणार असेल, तर कंपनीला ईमेल किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर कळवून, यादी करून, फोटो काढून टाकावा. प्रत्येक प्रकारातला थोडा नमुना बाजूला ठेवावा. बाकीचा माल कितीही खराब दिसला तरी परस्पर भंगारवाल्याला देऊ नये. भिजलेले कापड, गंजलेली अवजारे, पाणी गेलेली यंत्रे यांना काही तरी किंमत येते. या ‘साल्व्हेज’ची रक्कम दाव्यातून वजा होते आणि माल दिसलाच नाही, तर सर्वेक्षक ती अंदाजाने धरतो. तो अंदाज विमाधारकाच्या बाजूने असेलच असे नाही.

दारात उभ्या असलेल्या वाहनाचे एकच सांगण्यासारखे आहे. पाण्यात बुडालेली गाडी चालू करून पाहू नये. इंजिनात पाणी ओढले जाऊन झालेले नुकसान साध्या पॉलिसीत बहुधा नाकारले जाते.

मग आकडा नेमका ठरतो कसा?

सगळ्यात जास्त गैरसमज इथे आहेत. पूर ओसरल्यावर दुकानात जे दिसते, त्यावरून फक्त माल खराब झाला एवढेच कळते. किती माल होता, हे कागदांवरूनच ठरते. वर्षाच्या सुरुवातीचा साठा, त्यात झालेली खरेदी मिळवायची आणि विकलेला माल खरेदी किमतीने वजा करायचा. जे उरते, तो पुराच्या आदल्या दिवशीचा साठा. विक्रीची किंमत, म्हणजे नफा, त्यात धरला जात नाही. ‘हा माल मी पंधरा लाखांना विकला असता’ या वाक्याला सर्व्हेत जागा नसते.

वह्या आणि संगणक दोन्ही बुडाले असले तरी वाट बंद होत नाही. जीएसटीची विवरणपत्रे पोर्टलवर असतात आणि ‘जीएसटीआर-२बी’मध्ये पुरवठादारनिहाय खरेदी दिसते. ई-वे बिले, घाऊक व्यापाऱ्याकडील खातेउतारे, बँकेची स्टेटमेंट आणि सनदी लेखापालाकडील गेल्या वर्षीचा ताळेबंद यांतून साठा पुन्हा उभा करता येतो. बँकेकडून कॅश क्रेडिट घेतले असेल, तर दरमहा दिलेले स्टॉक स्टेटमेंट सर्वेक्षक हमखास मागतो. कर्जमर्यादा टिकावी म्हणून बँकेला साठा फुगवून दाखवायचा आणि कर वाचावा म्हणून वह्यांत कमी, ही सवय अनेक पेठांत आहे. पुरानंतर हे दोन्ही कागद एकाच टेबलावर येतात.

त्यानंतर येतो तो अपुरा विमा. समजा, कापड दुकानात खरेदी किमतीने २० लाखांचा माल होता, पण विमा १२ लाखांचाच घेतला होता. पुरात नऊ लाखांचा माल खराब झाला आणि त्याचे साल्व्हेज एक लाख धरले. निव्वळ नुकसान आठ लाख. विमा १२ लाखांचा असल्याने आठ लाख पूर्ण मिळतील, असे दुकानदाराला वाटते. प्रत्यक्षात मालाच्या ६० टक्क्यांचाच विमा असल्यामुळे नुकसानीच्याही ६० टक्केच, म्हणजे चार लाख ८० हजार रुपये धरले जातात. त्यातून पॉलिसीतील ‘एक्सेस’, म्हणजे विमाधारकाने स्वतः सोसायचा वाटा, आणखी कमी होतो. उरलेले आठ लाखांचे तीन लाख वीस हजार दुकानदाराने आधीच, हप्ता वाचवताना, स्वतःच्या माथी घेतलेले असतात. पॉलिसी विकताना हे समजावून सांगणारे एजंट फार थोडे.

छोट्या व्यावसायिकांना यात काहीशी सवलत आहे. १ एप्रिल २०२१ पासून आलेल्या ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ पॉलिसीत, म्हणजे एका ठिकाणची मालमत्ता पाच कोटी रुपयांपर्यंत असलेल्यांसाठी, अपुरा विमा १५ टक्क्यांच्या आत असेल तर ही कात्री लागत नाही. वरच्या उदाहरणात विमा १७ लाखांचा असता, तर आठ लाखांचा पूर्ण हिशेब झाला असता.

जीएसटीचा मुद्दा अनेकांच्या ध्यानातच येत नाही. नष्ट झालेल्या मालावर आधी घेतलेले इनपुट टॅक्स क्रेडिट जीएसटी कायद्याच्या कलम १७(५) नुसार परत करावे लागते. म्हणजे तो करही दुकानदाराचा खर्च ठरतो. विम्याची रक्कम ठरवताना मालाची किंमत करासह धरली होती की नाही, यावर तो दाव्यात मागता येईल का, हे अवलंबून राहते. लेखापालाशी हे बोलणे नूतनीकरणाच्या वेळीच झालेले बरे.

गोदामाचा पत्ताही असाच. पॉलिसीत फक्त दुकानाचा पत्ता असेल आणि निम्मा माल मागच्या गल्लीतल्या गाळ्यात असेल, तर त्या गाळ्यातल्या मालाचा दावा सहसा तिथेच संपतो.

घराच्या बाबतीत हिशेब वेगळा आहे का?

बराच. घर ७० लाखांना घेतले म्हणून विमा ७० लाखांचा नसतो, कारण बाजारभावात जमिनीची किंमत असते आणि जमीन पुरात वाहून जात नाही, असे विमा धरून चालतो. ‘भारत गृह रक्षा’ पॉलिसीत चटई क्षेत्राला बांधकामाच्या दराने गुणून इमारतीची रक्कम ठरते. घरातील सामानाला इमारतीच्या विमा रकमेच्या २० टक्के, कमाल १० लाख रुपयांपर्यंत संरक्षण आपोआप मिळते. अपुऱ्या विम्याची कात्रीही या पॉलिसीत नाही. वास्तुविशारद, अभियंत्याच्या शुल्कासाठी दाव्याच्या पाच टक्क्यांपर्यंत आणि राडारोडा हटवण्यासाठी दोन टक्क्यांपर्यंत खर्च मिळू शकतो. तो मागितला मात्र पाहिजे. गृहकर्जासोबत बँकेने माथी मारलेली पॉलिसी बहुतेकदा फक्त इमारतीची असते की सामानाचीही, हे घरमालकाला पूर येईपर्यंत ठाऊक नसते.

स्वतःचा तज्ज्ञ आणता येतो का?

येतो, स्वतःच्या खर्चाने. इमारतीला तडे गेले असतील तर स्ट्रक्चरल इंजिनीअरचा अहवाल आणि बाबनिहाय दुरुस्ती अंदाजपत्रक, यंत्रांसाठी उत्पादक कंपनीच्या सेवा केंद्राचा लेखी अहवाल, ही कागदपत्रे सर्वेक्षकाला नुसते तोंडी सांगण्यापेक्षा कितीतरी वजनदार वाटतात. शासनमान्य मूल्यांकनकाराकडे जाताना मात्र सावध राहावे. घराचा बाजारभाव काढण्यात त्याचा हात बसलेला असतो. विम्याला हवा असतो तो दुरुस्तीचा किंवा पुन्हा बांधण्याचा खर्च. चकचकीत फाइलमध्ये चुकीच्या प्रश्नाचे उत्तर घेऊन आलेले विमाधारक कमी नाहीत. सर्व्हे सुरू असतानाच हे कागद दिले तर त्यांचा विचार होतो. अहवाल कंपनीकडे गेल्यावर दिले तर ते हरकत म्हणून पाहिले जातात.

अहवाल मान्य नसेल तर?

पहिले पाऊल म्हणजे सर्व्हे अहवालाची प्रत लेखी मागणे. कंपनीच्या पत्रात अनेकदा फक्त शेवटचा आकडा असतो. घसारा किती धरला, साल्व्हेज किती, अपुऱ्या विम्याची टक्केवारी कुठून आली, हे अहवालातच कळते. ‘पैसे कमी मिळाले’ या तक्रारीपेक्षा ‘साठ्याच्या हिशेबात जूनची अमुक खरेदी धरलेली नाही’ ही तक्रार टिकते.

अहवाल अंतिम शब्द नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये न्यू इंडिया अ‍ॅश्युरन्स विरुद्ध प्रदीप कुमार या प्रकरणात स्पष्ट केले आहे. कायदा कंपनीलाही त्याहून वेगळी रक्कम देण्याची मुभा देतो. मात्र मनासारखा आकडा येईपर्यंत एकामागून एक सर्वेक्षक नेमत राहणे कंपनीला चालत नाही, पहिला अहवाल का नाकारला याची कारणे द्यावी लागतात, असे त्याच वर्षी श्री व्यंकटेश्वरा सिंडिकेट प्रकरणात न्यायालयाने म्हटले.

कंपनीच्या तक्रार निवारण कक्षाने दाद दिली नाही, तर आयआरडीएआयचे ‘बिमा भरोसा’ पोर्टल आणि १५५२५५ हा क्रमांक आहे. त्यापुढे विमा लोकपाल. मुंबई आणि पुणे येथे त्यांची कार्यालये आहेत, शुल्क नाही, वकील लागत नाही आणि ५० लाख रुपयांपर्यंत भरपाईचा आदेश देता येतो. वैयक्तिक विमाधारकांबरोबर एकल मालकीचे व्यवसाय आणि सूक्ष्म उद्योगही तिथे जाऊ शकतात. कंपनीने नकार दिल्यापासून एक वर्षात तक्रार करावी लागते. ग्राहक आयोगाकडे जाण्यासाठी दोन वर्षांची मुदत असते. तिथे कोणत्या पातळीवरचा आयोग हे दाव्याच्या रकमेवरून ठरत नाही, भरलेल्या हप्त्यावरून ठरते. त्यामुळे मोठ्या रकमेचा दावाही बहुधा जिल्हा आयोगातच दाखल करता येतो.

हातात पैसा नसताना कंपनीचे ‘पूर्ण व अंतिम तडजोड’ असे व्हाउचर समोर येते, तेव्हा बहुतेक जण सही करून मोकळे होतात. अशा सहीमुळे जास्त भरपाईसाठी न्यायिक मंचाकडे जाण्याचा हक्क हिरावला जाऊ नये, असे आयआरडीएआयने २०१५ च्या परिपत्रकात कंपन्यांना बजावले आहे. तरीही सही करताना ‘हरकत कायम ठेवून रक्कम स्वीकारली’ असे लिहून, त्याच दिवशी तसा ईमेल कंपनीला पाठवलेला असला, तर लोकपालांसमोर सहीचा मुद्दा काढणे कंपनीला अवघड जाते.